अनुभव धागा: एकट्याने चालणारी दुरुस्तीची कामं – खोलण्याआधी काय बघता?

लहानपणी हाती लागलेली प्रत्येक वस्तू खोलून बघायची खोड असलेल्यांपैकी काही जण पुढे त्याच कामावर पोट भरतात. वर साहेब नाही, हाताखाली कोणी नाही. गिऱ्हाइकाशी बोलायचं, बिघाड शोधायचा, सुटा भाग आणायचा आणि हिशोब लिहायचा, सगळं एकाच माणसाने. अशा मंडळींनी इथे लिहावं. वस्तू समोर आली की पहिल्या पाच मिनिटांत काय बघता, हमखास चूक कुठे होते, कोणतं काम नाकारता? मापं आणि आकडे जरूर द्या. नवशिक्याला वाचून हात चालवता आला पाहिजे.

शिवणयंत्र दुरुस्ती

'खालून गुंता होतोय' ही रोजची तक्रार. बोट बॉबिनकडे (खालच्या दोऱ्याच्या फिरकीकडे) दाखवलं जातं, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. कापडाखाली जमलेला सैल दोरा हा वरचाच असतो; त्याला ताण मिळाला नाही म्हणून तो खाली ओढला जातो. प्रेशर फूट (कापड दाबणारा पाय) खाली ठेवून दोरा ओवला तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. म्हणून फूट वर करा, दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा. फूट वर असताना दोरा सहज यायला हवा आणि फूट खाली केल्यावर अडायला हवा. हे होत असेल तर बॉबिन केसच्या स्क्रूला हात लावायचं कारण नाही.

टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. ती वर टेकेपर्यंत गेली आहे का आणि दांड्याची सपाट बाजू योग्य दिशेला आहे का, हे बघा. पातळ कापडाला 70/10, मध्यम सुतीला 90/14, जाड जीन्सला 100/16. टी-शर्टच्या ताणल्या जाणाऱ्या होजिअरी कापडाला गोल टोकाची सुईच लागते. टोकदार सुई तिथे धागे तोडते आणि टाकाही सोडते.

एवढं करूनही टाके सुटले तर मात्र हूकचं (खालून दोरा पकडणाऱ्या आकड्याचं) टायमिंग बघायचं. सुई सगळ्यात खाली जाऊन साधारण 2 ते 2.5 मिमी वर आली की हूकचं टोक सुईमागे, नेढ्याच्या किंचित वर असलं पाहिजे. सुई वर येताना तिच्यामागे दोऱ्याचा छोटा फासा तयार होतो आणि टोकाने तो उचलायचा असतो. टोक लवकर आलं तर फासा झालेला नसतो, उशिरा आलं तर तो आडवा पडलेला असतो. टोक आणि सुई यांच्यात जेमतेम कागदाच्या जाडीएवढं अंतर ठेवा. टोक सुईला घासलं तर दोघांनाही कुसळ येतं आणि दोरा तुटायला लागतो.

यंत्र जड चालत असेल तर कोणतं तेल घातलं होतं ते विचारा. खाद्यतेल सुकून चिकट होतं. अशा यंत्रात वरून आणखी तेल घालू नका. आधी जुना चिकटा धुऊन काढावा लागतो.

सायकल दुरुस्ती

वर शिवणयंत्रावर लिहिणाऱ्या ताईंनी खोलण्याआधी तपासायचा मुद्दा बरोबर धरलाय. पंक्चरमध्येही नेमकं तेच होतं. ट्यूब झटक्यात ओढून काढली की पुरावा गेला. टायरवरची छापील अक्षरं व्हॉल्व्हच्या समोर आणून ठेवा, मग ट्यूब काढा. भोक सापडलं की ट्यूब त्याच स्थितीत टायरशेजारी धरायची. काटा किंवा तार टायरमध्ये कुठे अडकली आहे ते लगेच कळतं. ती न काढता पॅच लावला तर दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक दारात.

भोकाची जागाही बोलते. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि ट्यूब रिम व दगड यांच्यात चेंगरली. भोक आतल्या बाजूला, रिमकडे असेल तर रिम टेप सरकली आहे किंवा स्पोकचं टोक वर आलंय. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल तर कमी हवेवर चालवल्याने टायर रिमवर सरकलाय. ती ट्यूब बदलायचीच, तिथे पॅच टिकत नाही.

पॅच सुटण्याचं मुख्य कारण घाई. सँडपेपरने घासा, सोल्यूशन पॅचपेक्षा थोड्या मोठ्या जागेवर पातळ लावा आणि ओलसर चमक जाईपर्यंत थांबा. ओल्या सोल्यूशनवर दाबलेला पॅच सरकतो.

चेन स्टीलच्या पट्टीने मोजा. नव्या चेनच्या 24 कड्या पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत बरोबर 12 इंच भरतात. 12 इंच आणि वर 1/16 भरलं की चेन बदला. 1/8 पर्यंत गेलं तर मागची दातेरी चक्रंही झिजलेली असतात आणि नवी चेन त्यांवर घसरते. आणि डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे विसरू नका. जोर लावून क्रँकचे आटे खराब झालेल्या सायकली फार येतात.

मोटर रिवाइंडिंग

जळलेली मोटर आली की तिचं वाइंडिंग (तांब्याच्या तारेची गुंडाळी) लगेच कापू नका. आधी काळेपणाचा नमुना बघा, जमल्यास फोटो काढा. मोटर का जळली ते त्यातच लिहिलेलं असतं, आणि कारण तसंच राहिलं तर नवं वाइंडिंगही जळणार.

थ्री फेज मोटरमध्ये वाइंडिंग सगळीकडे सारखं काळं असेल तर ओव्हरलोड, पंखा तुटलेला किंवा हवेची वाट बंद. काही कॉइल कोळसा आणि बाकीच्या स्वच्छ असतील तर एक फेज गेला होता. स्टार जोडणीत (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) अशा वेळी दोन फेजचं वाइंडिंग जळतं आणि एक चांगलं राहतं. डेल्टामध्ये (तिन्ही त्रिकोणासारखी टोकाला टोक जोडलेली) उलट, एक जळतं आणि दोन चांगली राहतात. अशी मोटर परत देताना गिऱ्हाइकाला स्टार्टर, फ्यूज आणि कॉन्टॅक्टरचे पॉइंट तपासायला सांगणं हा आपल्या कामाचाच भाग आहे. एकाच ठिकाणी तांबं वितळून गोळा झाला असेल तर वेढ्यांमध्ये शॉर्ट किंवा स्लॉटच्या (कॉइल बसायच्या खाचेच्या) तोंडाशी इन्सुलेशन कापलेलं. स्टेटरच्या (मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या) पत्र्यांवर घासल्याची चमक दिसली तर बेअरिंग गेलं होतं. बेअरिंग न बदलता वाइंडिंग करणं म्हणजे माल फुकट घालवणं.

मग नोंदी: नेमप्लेट, स्लॉटची संख्या, कॉइल किती, पिच (कॉइल कितव्या स्लॉटमधून निघून कितव्यात जाते), प्रत्येक कॉइलचे वेढे, एका वेढ्यात समांतर तारा किती, आणि टोकांची जोडणी. वेढे किमान दोन-तीन कॉइलचे मोजा. तारेचा व्यास न जळलेल्या भागावर, वरचं इनॅमल काढून, मायक्रोमीटरने मोजायचा. 0.5 मिमीच्या जागी 0.4 ची तार चालवली तर व्यास 0.1 ने कमी दिसतो खरा, पण तांब्याचं क्षेत्रफळ 36 टक्क्यांनी घटतं. ती मोटर गरम होणारच.

जुनं वाइंडिंग काढताना ज्योत थेट स्टेटरवर धरून लाल करणारे खूप आहेत. काम पटकन होतं, पण पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं आणि मग मोटर लोड नसतानाही तापते. त्यासाठी तापमान ताब्यात ठेवणारी भट्टीच हवी.

नवी कॉइल बसवल्यावर वॉर्निशच्या आधी आणि नंतर 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) बॉडीशी तपासा. 1 मेगाओहम हा जुन्या, वापरातल्या मोटरसाठीचा किमान आकडा मानतात. नव्या वाइंडिंगचं रीडिंग त्याच्या कितीतरी वर हवं. ते 1-2 वर अडकलं तर ओलावा आहे किंवा कुठेतरी स्लॉटचा कागद फाटलाय. तिन्ही फेजचा रेझिस्टन्स एकमेकांशी जुळला पाहिजे, आणि चालू केल्यावर तिन्हींचा करंटही.

साधा छताचा पंखा हळू फिरतोय म्हणून रिवाइंडिंगला आला तर आधी कॅपॅसिटर मोजा, बहुधा 2.5 मायक्रोफॅरडचा असतो. तो निम्म्यावर आला असेल तर एवढा एक भाग बदलून काम होतं. न लागणारं वाइंडिंग गळ्यात मारू नये.

पुस्तकबांधणी

शिवण उसवण्याआधी पानं मोजावीत, गहाळ आणि उलटी पानं लिहून गिऱ्हाइकाला दाखवावीत. नंतर तो वाद मिटत नाही. मग पानाचा कोपरा हलकेच मागे-पुढे दुमडून बघावा. एक-दोन दुमडींत तुटला तर कागद ठिसूळ झाला आहे. त्यात नवी शिवण घातली तर दोरा पान कापतो. अशा पुस्तकासाठी बांधणी न करता पेटी करून देणं योग्य.

पुठ्ठा वाकण्याची तक्रार नव्या कामात सर्वाधिक. कारण कागदाच्या तंतूंची दिशा. कागदाची पट्टी एका बाजूने ओली केली की ती वळते. वळलेल्या नळीची लांबी ज्या दिशेला, ती तंतूंची दिशा. पुठ्ठा, अस्तर आणि आवरण, तिन्हींची दिशा पुस्तकाच्या कण्याला समांतर हवी. ओला कागद तंतूंना आडवा पसरतो आणि सुकताना आक्रसून पुठ्ठा ओढतो, म्हणून आतल्या बाजूलाही अस्तर लागतं. चिकटवल्यानंतर दाबाखाली निदान 24 तास. जुन्या, जपायच्या पुस्तकाला पिठाची खळ वापरावी, कारण पुढे कोणाला दुरुस्त करायचं झालं तर ती पाण्याने सुटते. पांढरा डिंक (फेविकॉलसारखा) सुकला की सुटत नाही.

दर कसा लावायचा

वरच्या सगळ्यांनी तपासणीचं काम लिहिलंय, त्या वेळेचे पैसे कोणी धरत नाही. दुकान आठ तास उघडं असतं, हात मात्र पाचच तास चालतो. उरलेला वेळ बोलण्यात, सुटे भाग आणण्यात आणि आवरण्यात जातो. महिन्याला 25 दिवस धरले तर 200 नव्हे, 125 तास. घरखर्च, भाडं, वीज, अवजारांची झीज हे सगळं 125 ने भागा. 200 ने भागणारा प्रत्येक तासाला 37.5 टक्के कमी घेतो, आणि दिवसभर राबूनही शिल्लक का पडत नाही ते त्याला उमगत नाही.

तपासणीचा दर वेगळा ठेवा आणि दुरुस्ती झाली तर तो बिलात वळता करा. मालाची किंमत निघेल एवढी आगाऊ रक्कम घ्या. वस्तू घेताना चिठ्ठीवर तारीख, आलेली तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, दिसलेले ओरखडे, सोबत दिलेले भाग आणि किती दिवसांत वस्तू न्यायची, हे लिहून सही घ्या. बदललेला जुना भाग पिशवीत घालून परत द्या. विश्वास बसतो आणि भांडण टळतं.

बसायची जागा

बारीक कामाचं टेबल कोपरापेक्षा 5 ते 10 सेंटिमीटर वर हवं. साधं काम कोपराच्या थोडं खाली, ठोकण्याचं आणि जोराचं काम आणखी खाली. सगळं एकाच टेबलावर केलं तर मान तरी जाते नाहीतर खांदे. उजव्या हाताने काम करणाऱ्याने दिवा डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही.

घरातल्या खोलाखोली करणाऱ्या मुलांसाठी

धाग्याची सुरुवात या खोडीपासून झाली म्हणून लिहितो. मुलाला खोलायला द्यायचं तर टॉर्च, जुनं कुलूप, सायकलची घंटा, हाताने फिरवायचं ड्रिल द्या. पांढऱ्या कागदावर वस्तूचं ढोबळ चित्र काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावायला सांगा. खोलण्याआधी 'काय चालत नाहीये' हे एका ओळीत लिहायला लावा. स्क्रूच्या डोक्यात घट्ट बसेल असाच ड्रायव्हर हातात द्या, सैल ड्रायव्हरने खाच झिजते आणि मूल वैतागून सोडून देतं.

कॅमेऱ्याचा फ्लॅश, मायक्रोवेव्ह, जुना काचेच्या ट्यूबचा टीव्ही आणि इन्व्हर्टर मात्र अजिबात नको. त्यांचे कॅपॅसिटर किंवा ट्यूब प्लग काढल्यावरही भारलेले राहू शकतात. मोबाइलची बॅटरी नको, टोकदार अवजार लागलं तर पेट घेते. चावीचं घड्याळ आणि मापनाची टेप यांत ताणलेली स्प्रिंग असते. घड्याळाची चावी मोठ्या माणसाने पूर्ण उतरवल्याशिवाय वरची प्लेट सैल करू देऊ नका.