मित्राचं नाव कंपनीत सुचवू का? मागच्या वेळी हात पोळलेत

मकरपुरा_टेस्टिंग:

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. नऊ वर्षं झाली. आमच्याकडे सीनियर टेस्टरची एक जागा निघाली आहे आणि मला माझ्या मित्राचं नाव सुचवायचं आहे. आठवडाभर झोप नीट लागत नाहीये म्हणून इथे लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मित्राला इथे दिगू म्हणतो. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. माझी पहिली नोकरी त्याच्या शेजारच्या टेबलावर सुरू झाली. कॉलेजात ट्रान्सफॉर्मर शिकलो होतो, पण टेस्टिंग त्याच्याकडे बघून शिकलो.

एक दिवस सांगतो, म्हणजे माणूस कळेल. ५०० केव्हीए, ११ केव्ही/४३३ व्होल्टचा नग होता. त्याला पाच टॅप असतात, म्हणजे व्होल्टेज थोडं कमी-जास्त करायचे टप्पे. मधल्या टॅपला रेशो (दोन बाजूंच्या वेढ्यांचं गुणोत्तर) ४४ यायला हवा, चौथ्याला ४२.९, पाचव्याला ४१.८. आर आणि वाय फेज बरोबर आले. बी फेजला चौथ्यावर ४१.८ आणि पाचव्यावर ४२.९. म्हणजे टॅप स्विचच्या दोन लीड आतमध्ये अदलाबदल झाल्या होत्या. संध्याकाळचे साडेसहा, तेल भरलेलं, झाकण आवळलेलं, गाडी गेटवर उभी. सुपरवायझर म्हणाला, गिऱ्हाईक मधल्या टॅपवरून हलत नाही, जाऊ दे. दिगूने ते दोन आकडे लाल पेनाने गोल केले, कागद सही न करता टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ज्या दिवशी कुणी टॅप बदलेल त्या दिवशी एका फेजचं व्होल्टेज बाकी दोघांपेक्षा वेगळं येईल. तिथला वायरमन रात्रभर स्वतःच्या लाइनमध्ये फॉल्ट शोधत बसेल." मग स्वतः थांबून तेल उतरवून घेतलं, झाकण उघडलं, लीड बदलून घेतल्या. परत रेशो घेतला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. मी टॉर्च धरून उभा होतो. बी फेज, चौथा टॅप, ४२.९. तेव्हा त्याने सही केली.

आता अडचण. त्यानंतर तो दुसऱ्या एका ठिकाणी सहा वर्षं टिकला, तिथली ऑर्डर आटली म्हणून बाहेर पडला. मग जिथे लागला तिथे चारच महिने राहिला. (नाव घेत नाही, विचारू नका.) तिथे वीस नगांच्या लॉटमधले चार टेस्ट करायचे आणि बाकी सोळांच्या शीटवर त्याच्या आसपासचे आकडे भरायचे, असं चालायचं. दिगूने सही करायला नकार दिला, मॅनेजरशी तोंडातोंडी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून हा गेलाच नाही. राजीनामा मेलवर पाठवला, नोटीस भरली नाही, रिलीव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) नाही. सात महिने घरी आहे. सोसायट्यांमध्ये वायरिंगची कामं करतो. मुलगी नववीत.

परवा रेझ्युमे दिला त्यात ते चार महिने नाहीतच. म्हणाला, "कुणी विचारलं तर तू काही बोलू नको, एवढंच."

दुसरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मी मामेभावाला इथे लावलं होतं. मामांनी फोन केला, मी शब्द टाकला. एकोणिसाव्या दिवशी तो कुणाला न सांगता सुरतेला निघून गेला. साहेब रागावले नाहीत, पण तेव्हापासून मी कुणाचं नाव घेतलं की गुजरातीत विचारतात, "आ पण ओगणीस दिवसनो तो नथी ने?" म्हणजे हाही एकोणीस दिवसांचा तर नाही ना? सगळ्यांसमोर विचारतात. मला ते लागतं.

तिसरी गोष्ट लिहायला जड जातेय. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा आम्ही समा भागात तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. दिगू ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन छातीभर पाण्यातून आला आणि माझ्या आईला वरच्या मजल्यावर पोचवलं. आईला गुडघ्यांमुळे जिना चढता येत नाही, तिला पाठुंगळीला घेऊन चढला. आता आई रोज विचारते, "दिगूचं बोललास का?" मला कळत नाही की मी त्याचं काम बघून नाव सुचवतोय की त्या दिवसाचं ऋण फेडतोय.

सुचवलेला माणूस सहा महिने टिकला तर कंपनी सुचवणाऱ्याला १५ हजार रुपये देते. दिगूला हे अजून सांगितलेलं नाही.

काय करू? आणि त्या चार महिन्यांचं काय करू?

सावली_रोडची_ताई:

दादा, मी बारा वर्षं एचआरला आहे, मंजुसरच्या बाजूला. आधी चार महिन्यांचं बोलते, कारण तिथे वेळ घालवण्यासारखं काही नाहीच.

ते लपणार नाहीत. पीएफचा यूएएन नंबर एकच असतो, नोकऱ्या कितीही बदला. त्या कंपनीने एक महिन्याचा जरी पीएफ भरला असेल तरी तिचं नाव आणि तारखा त्या नंबराखाली दिसतात. नवीन ठिकाणी रुजू होताना फॉर्म ११ भरून द्यावा लागतो, त्यात आधीच्या नोकरीची माहिती स्वतःच्या सहीने द्यायची असते. तिथे खोटं लिहिलं आणि नंतर उघडकीला आलं तर चार महिन्यांचा मुद्दा राहत नाही, खोट्या सहीचा होतो. आणि हा माणूस खोटी सही करायची नाही म्हणून घरी बसलाय ना? त्याला एवढंच दाखवा. त्याला पटेल.

चार महिन्यांत नोकरी सोडलेले रेझ्युमे माझ्याकडे आठवड्याला येतात. त्यावरून मी कुणाला नाकारत नाही. कारण विचारते आणि उत्तर देताना माणूस आधीच्या साहेबांना किती शिव्या घालतो ते ऐकते. दिगूभाऊंना दोन वाक्यांत सांगायला शिकवा. टेस्ट न केलेल्या नगांवर सही मागितली, मी केली नाही. नोटीस न देता निघालो, ती माझी चूक. बस, पुढे गप्प.

रिलीव्हिंग लेटर नाही तर राजीनाम्याच्या मेलची प्रिंट, पगाराच्या स्लिपा, नियुक्तिपत्र ठेवा. सहा वर्षांच्या नोकरीचं अनुभवाचं पत्र सगळ्यात वर.

तुम्ही काय करायचं ते. "माझा मित्र आहे, गरजू आहे, बघा ना" असं सांगू नका. गरजू सगळेच असतात. तुम्ही नाव दिलं की आम्ही तीन गोष्टी विचारतो. कुठून ओळखता, काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय का, आणि उद्या त्याच टेबलावर परत त्याच्याबरोबर बसाल का. तुम्ही वर जो रेशोचा किस्सा लिहिलाय तोच साहेबांना सांगा. नऊ वर्षं टेस्टिंगमध्ये असलेल्या माणसाकडून असं ऐकायला मिळालं तर मी त्या उमेदवाराला त्याच दिवशी फोन करेन.

मुलाखतीच्या पॅनलवर मात्र बसू नका. तुम्हाला बसवलं तर स्वतःहून सांगून बाहेर राहा.

वाडीचा_मुलगा:

मी उलट अनुभवातून बोलतो. शाळेपासूनचा मित्र आमच्या डिस्पॅचमध्ये लावला. रिपोर्टिंग माझ्याकडे. तिसऱ्या महिन्यात त्याला उशिरा येण्यावरून लेखी ताकीद द्यावी लागली, सही माझी. आज आमच्या पोळच्या (गल्लीच्या) गणपतीत तो एका टोकाला उभा असतो आणि मी दुसऱ्या. त्याची आई रस्त्यात भेटली तरी तोंड फिरवते. नोकऱ्या मिळतात हो. काकूंच्या हातचं पुरणाचं ताट परत मिळत नाही.

दिगू कुणाच्या हाताखाली येणार ते आधी विचार. तुझ्या हाताखाली असेल तर नाव देऊ नकोस, हे माझं स्पष्ट मत.

रावपुरा_निवृत्त:

मुला, माझं वय ७१. चाळीस वर्षं याच शहरात नोकरी केली, माणसं लावली, दोनदा तोंडघशीही पडलो. तू दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत घातल्या आहेस.

मामेभावाचं तू काय पाहिलं होतंस? नातं. मामांचा फोन आला आणि तू शब्द टाकलास. तो मुलगा कामावर कसा उभा राहतो हे तुला ठाऊक नव्हतं. दिगूचं काय पाहिलंस? रात्री सव्वाअकराचा ४२.९. तू टॉर्च धरून उभा होतास. साहेबांनी ओगणीस दिवसांचं काढलं तर मनाला लावून घेऊ नकोस. त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि या वेळी तुझ्याकडे उत्तर आहे.

आपल्या गावाची गोष्ट आहे म्हणून सांगतो. मुंबईत बागेत बसून वाचणाऱ्या एका मुलाला केळुसकर गुरुजींनी पाहिलं, त्याची चौकशी केली, पुस्तकं दिली, आणि पुढे त्याच्या शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. गुरुजी ना नात्याचे ना जातीचे. त्यांनी मुलाला वाचताना पाहिलं होतं आणि पाहिलेलं सांगितलं.

पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि बडोदेकर म्हणून पुढचं सांगताना माझी मान खाली जाते. १९१७ मध्ये तेच आंबेडकर संस्थानच्या नोकरीवर बडोद्याला आले तेव्हा या शहरात त्यांना राहायला कुणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेतूनही लोकांनी काढलं. ते कमाटी बागेत झाडाखाली जाऊन बसले आणि परत निघून गेले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखतात. मी सकाळी फिरायला जातो तेव्हा तिथे दोन मिनिटं थांबतो. दिगूला तुमच्याकडे घेतलं तर पहिले तीन महिने त्याच्या टेबलापाशी जात जा. सही न करणारा माणूस नव्या जागी लवकर एकटा पडतो. डबा खाताना तरी त्याच्याबरोबर बस.

आईवरच्या उपकाराचं म्हणशील तर तो माणूस पाण्यात उतरला नसता तरी ४२.९ तेवढाच राहिला असता. तो आकडा आठव, म्हणजे तुला कळेल की तू ऋण फेडत नाहीयेस.

मकरपुरा_टेस्टिंग:

बारा दिवसांनी लिहितोय, माफ करा.

काका, तुमचं वाचून मी रडलो. घरी आईलाही वाचून दाखवलं.

त्याच रात्री दिगूला दांडिया बाजारात सेव-उसळ खायला बोलावलं आणि सांगितलं, चार महिने लिहिलेस तरच नाव देतो. तो चिडला. "तूही आता एचआरसारखं बोलायला लागलास" म्हणून पाव तसाच ठेवून उठून गेला. दोन दिवस फोन नाही. मी ताईंचं खोट्या सहीबद्दलचं वाक्य त्याला जसंच्या तसं मेसेज केलं. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला नवीन रेझ्युमे आला. चार महिने आत होते, महिन्या-तारखांसकट, आणि खाली एक ओळ होती, "टेस्ट शीटवरील सहीबाबत मतभेद झाल्याने राजीनामा; नोटीस कालावधी पूर्ण केला नाही."

साहेबांकडे गेलो. त्यांनी तोच प्रश्न विचारला, ओगणीस दिवसांचा. मी म्हणालो, साहेब, मामेभावाला मी काम करताना कधी पाहिलं नव्हतं, याला पाहिलंय, आणि टॅपचा किस्सा सांगितला. साहेब स्वतः वाइंडिंगमधून वर आलेत. त्यांनी लगेच विचारलं, "तेल उतार्युं कोणे?" म्हटलं, त्यानेच, थांबून. मग त्यांनी रेझ्युमेतली ती शेवटची ओळ परत एकदा वाचली.

मुलाखत केबिनमध्ये झालीच नाही. त्याला थेट टेस्ट फ्लोअरवर नेलं, एक नग दिला. मी पॅनलवर नव्हतो, पण बाजूच्या टेस्टिंगच्या जागेवरून दिसत होतं. दिगूने मीटरला हात लावायच्या आधी टाकीच्या अर्थिंगची पट्टी हाताने हलवून बघितली, बोल्ट ढिला निघाला, पाना मागून घट्ट केला. नोटीस का भरली नाही विचारल्यावर म्हणाला, "ती माझी चूक, साहेब. सही केली नाही ती चूक नाही." एवढंच बोलला.

वाडीच्या दादा, तुमचं डोक्यात होतं. रिपोर्टिंग माझ्याकडे नाही, दुसऱ्या शिफ्टच्या इंजिनिअरकडे असेल. मी तसं आधीच मागून घेतलं. १५ हजारांचंही दिगूला सांगून टाकलं. तो म्हणाला, मिळाले तर काकूंच्या गुडघ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ, गाडी मी काढतो.

सोमवारी कागदपत्रं घेऊन बोलावलंय. ताई, एक विचारायचं होतं. त्या चार महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा तीनच सापडताहेत, शेवटची कंपनीने दिलीच नाही. बँकेचं स्टेटमेंट चालेल का?

सावली_रोडची_ताई:

चालेल. त्या महिन्याचं पान बँकेचा शिक्का मारून घ्या आणि पगाराच्या ओळीवर पेन्सिलीने खूण करा. मूळ नियुक्तिपत्रही बरोबर ठेवायला सांगा, झेरॉक्स दोन.