मदत हवी आहे: लंडनची डीव्हीडी इथल्या प्लेअरवर कशी लावू?

मंडळी, मावसभावाने लंडनहून ब्रिटिश विनोदवीर बिल बेलीच्या 'रिमार्केबल गाइड टू द ऑर्केस्ट्रा'ची डीव्हीडी आणलीये, रॉयल अल्बर्ट हॉलमधला २००८ चा शो, मागे अख्खा बीबीसी कॉन्सर्ट ऑर्केस्ट्रा आणि हा गडी पुढे उभा राहून वाद्यांची फिरकी घेतो. पण आमच्या प्लेअरवर नुसतं 'रीजन एरर'. म्हणजे डीव्हीडी ज्या देशांसाठी काढली तिथल्याच प्लेअरवर चालावी म्हणून घातलेला विभाग-क्रमांक जुळत नाही: तिकडचा रीजन २, आपला ५. (टीव्हीची चित्रपद्धत दोन्हीकडे पाल, म्हणजे PAL च, तो प्रश्न नाही.) लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन फक्त पाचदा बदलता येतो त्यामुळे हात लावायची हिंमत होत नाहीये. रीजन न बदलता व्हीएलसीवर (कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघायचं सॉफ्टवेअर) कुणाची चाललीये का? की सरळ मल्टिरीजन प्लेअर घेऊ, पुण्यात कुठे मिळेल? यूट्यूबवरचे तुकडे सुचवू नका प्लीज, बाबा पेटी वाजवतात, त्यांना टीव्हीवर नीट आवाजात अख्खा शो दाखवायचाय.