इंधन संपल्यावर सूर्य आकसण्याऐवजी फुगेल का?

प्रश्न – आकाशमित्र
थंड वायूचा ढग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसतो, मध्यभाग तापतो आणि सुमारे एक कोटी अंशांना हायड्रोजनचे संमीलन (अणुकेंद्रके एकत्र येऊन हेलियम बनणे, ज्यातून ऊर्जा मिळते) सुरू होऊन तारा जन्मतो, इथवर मला समजले आहे. मग हे इंधन संपल्यावर सूर्य पुन्हा आकसायला हवा. तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, असे का सांगतात?

प्रतिसाद १ – नभांगण
आपला तर्क गाभ्यापुरता अगदी बरोबर आहे. सुमारे पाच अब्ज वर्षांनी सूर्याच्या गाभ्यात जवळजवळ केवळ हेलियम उरेल, आणि त्याच्या संमीलनाला दहा कोटी अंश तापमान लागत असल्याने ऊर्जेचा आधार गमावलेला गाभा दबत जाईल. मात्र वायू दबला की तापतो. ताऱ्याच्या जन्मावेळी जे घडले तेच येथे पुन्हा घडते. या उष्णतेने गाभ्याभोवतीच्या कवचात शिल्लक असलेला हायड्रोजन इतक्या जोमाने जळू लागतो की सूर्याची तेजस्विता आजच्या शेकडो पट होते आणि बाहेरचे थर दूरवर पसरतात. पसरलेला पृष्ठभाग थंडावतो, म्हणून तो तांबूस दिसतो.

प्रतिसाद २ – रोहिणीपुत्र
ही अवस्था आकाशात प्रत्यक्ष पाहता येते, आणि मला तरी हेच सर्वांत विलक्षण वाटते. 37 प्रकाशवर्षांवरच्या स्वाती या तांबड्या राक्षसी ताऱ्याचे वस्तुमान सूर्याएवढेच, पण व्यास सुमारे 25 पट आहे. ताऱ्यांचा जन्म पाहायचा तर मृगातील बाणाजवळचा अंधुक तेजोमेघ दुर्बिणीतून अवश्य पाहावा. व्याधाचा जोडीदार हा श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा आहे: वस्तुमान सूर्याएवढे, आकार पृथ्वीएवढा. बाहेरचे थर अवकाशात विखुरल्यावर सूर्याचाही असाच, पण जवळपास निम्म्या वस्तुमानाचा अवशेष उरेल.

आकाशमित्र
आभारी आहे, गाभा आणि बाहेरचे थर यांतला फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. मग पृथ्वी गिळली जाईल का?

प्रतिसाद ३ – नभांगण
सूर्य वस्तुमान गमावेल तशी पृथ्वीची कक्षा रुंदावेल. तरीही भरतीबलांच्या (भरती-ओहोटी घडवणाऱ्या गुरुत्वीय बलांच्या) ओढीमुळे ती वाचणार नाही, असे खगोलशास्त्रज्ञ श्रोडर आणि स्मिथ यांनी 2008 मध्ये गणिताने दाखवले. जीवसृष्टीचा प्रश्न मात्र त्याआधीच निकालात निघेल, कारण सूर्याचे तेज दर अब्ज वर्षांत सुमारे दहा टक्क्यांनी वाढत आहे आणि एवढी वाढही महासागर आटवायला पुरेशी मानली जाते.