थ्रीडीचे पंधराशे भरू का?

मनीषनगरची सून: विसावा आठवडा चालू आहे. शनिवारी रामदासपेठेत अ‍ॅनोमली स्कॅन, म्हणजे बाळात काही व्यंग नाही ना ते बघणारी सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल, फक्त एक ओळ: बाळाच्या पोझिशनमुळे ओठ नीट दिसले नाहीत. अर्धा तास जिन्यावर चढउतार केली, ज्यूस प्यायले, स्वारी पाठ करूनच! दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. काउंटरवरची मुलगी म्हणाली, तेव्हा थ्रीडी सोनोग्राफीच करा, पंधराशे जास्त. सासूबाईंना फोटो हवाच, भिशीतल्या सगळ्यांच्या सुनांचे आलेत म्हणे. थ्रीडीशिवाय ओठ दिसतच नाहीत का?

सोनोग्राफीवाला डॉक्टर: दिसतात. ओठ आम्ही आधी टूडीतच, म्हणजे नेहमीच्या सपाट चित्रातच बघतो. थ्रीडीतही त्याच ध्वनिलहरी असतात, मशीन बरेच काप जोडून चेहरा उभा करतं. चेहऱ्यासमोर गर्भातलं पाणी हवं. हात किंवा वार आड आली की पंधराशे भरूनही काही दिसत नाही. टूडीत शंका आली तर डॉक्टर स्वतःच थ्रीडी लावतील. गुबगुबीत फोटो साधारण २६ ते ३० आठवड्यांत येतो. आत्ता अंगावर चरबी नाही, बाळ हाडकुळं दिसेल. आणि नुसत्या फोटोसाठी सोनोग्राफी गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४च्या पीसीपीएनडीटी कायद्यात बसत नाही, सोनोग्राफीच्या नोंदीच्या फॉर्म एफवर वैद्यकीय कारण लिहावं लागतं.

महालची आई: घाबरू नको नं. माझ्या लेकीच्या वेळी टूडीत वरच्या ओठाला फट दिसली. रिपोर्टमधलं इंग्रजी काही कळेना, रात्रभर मनात काय काय आलं बाप्पा! दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी थ्रीडी चित्र समोर ठेवलं. डावीकडे एवढीशी फट, बाकी नाक-डोळे सगळं छान. नवऱ्याच्या जिवात जीव आला. तोंडातल्या टाळूचं मात्र तेव्हाही नक्की सांगता आलं नाही, ती चांगली असल्याचं जन्मल्यावरच कळलं. सर्जनला आधीच भेटून आलो, दूध पाजायची वेगळी बाटली आणून ठेवली. चौथ्या महिन्यात ऑपरेशन झालं. आता वर्गात सगळ्यात जास्त बडबड तिचीच. माझे पैसे वसूल झाले, पण डॉक्टरांनी सांगितलं म्हणून केलं होतं, काउंटरवरच्या मुलीनं नाही.

मनीषनगरची सून: दोघांचेही आभार. सकाळी नऊची वेळ घेतली, दुपारी या उन्हात कोण जाईल? सध्या टूडीच. सासूबाईंना डॉक्टरांचं उत्तर वाचून दाखवलं. कायद्यापर्यंत पोचलेच नाही, 'हाडकुळं' ऐकूनच म्हणाल्या, राहू दे बाई.