देणग्या वाटण्यापलीकडचं काम
वर एका सदस्यांनी लिहिलंय की कम्युनिटी फाउंडेशन (एखाद्या शहरासाठी देणग्यांचा निधी जमवून तो तिथल्याच कामांना देणारी संस्था) फक्त श्रीमंतांच्या देणग्या वाटते, त्याने शहरातली विषमता काय कमी होणार? मला हे पटत नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचं बघा. तिथलं फाउंडेशन १९१४चं, या प्रकारातलं जगातलं पहिलं. युनिव्हर्सिटी सर्कल भागात नावाजलेली हॉस्पिटलं, विद्यापीठ. आणि त्यांना अगदी खेटून बेरोजगारीने गांजलेल्या वस्त्या. हॉस्पिटलांच्या प्रचंड खरेदीतलं या वस्त्यांच्या वाट्याला फारसं काही येत नव्हतं. फाउंडेशनने हॉस्पिटलं, विद्यापीठ आणि महापालिकेला एकत्र बसवलं, त्यातून २००८मध्ये एव्हरग्रीन सहकारी संस्थांचा उपक्रम सुरू झाला. पहिली संस्था लाँड्रीची. चादरी, टॉवेल धुणारे, घड्या घालणारे कामगारच सभासद होऊन तिचे मालक होतात, नफ्यातला वाटा त्यांच्या खात्यात जमा होतो. अर्थात, सगळं झटपट झालं नाही. क्लीव्हलँड क्लिनिक या तिथल्या बड्या हॉस्पिटलचा मोठा धुलाई प्रकल्प एव्हरग्रीनच्या हाती यायला २०१८ उजाडलं. इतकी वर्षं धीर धरणारा पैसा कुठली बँक देईल? म्हणूनच फाउंडेशन लागतं. आपल्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलांची धुलाईची कंत्राटं कोणाकडे असतात, कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा.