मदत हवी आहे : बालवाडीतल्या मुलांच्या दातांसाठी

नमस्कार. गोवंडीतल्या आमच्या बालवाडीत ३ ते ६ वयाची ३४ मुलं आहेत. काल डबा खाताना एक चिमुरडी पोळीचा घास एकाच गालात घोळवत बसली होती. तोंड उघडून पाहिलं तर खालच्या दोन दाढा काळ्या, पार पोखरलेल्या. आई म्हणाली, "दुधाचे दात, पडणारच ना!" पण दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत लागतात, आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्यामागे येणारी दाढ कायमची असते. फार वाईट वाटलं.

मुंबईतल्या नायर दंत महाविद्यालयाकडून किंवा सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयाकडून वस्तीत तपासणी शिबिर हवं असेल तर अर्ज कुणाकडे करायचा? फ्लोराइड वार्निश (दात किडू नयेत म्हणून दातांवर लावायचा लेप) इथेच लावतील का? एखादे दंतवैद्य शनिवारी तासभर येऊन आयांशी बोलले तरी खूप आधार होईल.