तांब्यावर व्याख्यान, आणि तांबटाला आमंत्रण नाही

गोदाकाठचा

परवा इथे फोरमवर कुणीतरी लिहिलं होतं: "लंडनच्या डिझाइन म्युझियमसारखं काही नाशकात हवं. आधुनिक डिझाइनवर जाहीर व्याख्यानं झाली तर लोकांना जरा दृष्टी येईल. आपल्याकडे वसंत व्याख्यानमालेपलीकडे आहे काय?" दोन दिवस गप्प बसलो. आज राहवलं नाही.

गोदाघाटावर उन्हाळ्याच्या संध्याकाळी डास मारत व्याख्यानं ऐकत आमच्या तीन पिढ्या गेल्या. त्यांना तुम्ही दृष्टी देणार? आणि असली व्याख्यानं मी ऐकली आहेत. मागे शहरातल्या एका गारेगार सभागृहात एक झालं. पाहुण्यांनी बाउहाउस या जर्मन डिझाइन-शाळेपासून सुरुवात केली. १९१९, वायमार, मग देसाऊ, मग बर्लिन, १९३३ मध्ये नाझींच्या दडपणाखाली खेळ खलास. इथवर ठीक. मग ईम्स हे अमेरिकन डिझायनर पती-पत्नी आले, त्यांचा १९५८ चा भारताबद्दलचा अहवाल आला आणि पडद्यावर आपला तांब्या! पोट केवढं, मान केवढी, भरल्यावर तोल कुठे जातो, ओतताना धार कशी पडते, दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा येतो. वीस मिनिटं, सगळं फर्ड्या इंग्रजीत. तिथून तांबट लेन रिक्षाने दहा मिनिटांवर. तिथल्या एकालाही बोलावलं नव्हतं. मध्यंतरात पाणी प्लास्टिकच्या बाटलीत.

हे कायमचं चालू ठेवायला म्युझियम हवंय? नको.

चौकटीबाहेर

ती 'कुणीतरी' मीच. व्याख्यानमालेला नावं ठेवली नव्हती, 'पलीकडे काय' असं विचारलं होतं. तुमचं भांडण आमंत्रणपत्रिकेशी आहे, राग व्याख्यानावर काढताय.

ज्या अहवालाची टिंगल केलीत त्यातच लिहिलंय की तांब्या कुणा एकाने घडवलेला नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या घडत आला. म्हणजे तुमचंच म्हणणं, फक्त साठ-सत्तर वर्षं आधी. त्याच अहवालाच्या आधारावर १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. बोलण्यातून काही होत नाही असं म्हणणाऱ्यांनी तिथे एक चक्कर मारावी. आणि लंडनचं म्युझियम काही राजवाड्यात जन्मलं नाही. १९८९ मध्ये केळ्यांच्या जुन्या गोदामात सुरू झालं, केन्सिंग्टनला गेलं ते २०१६ मध्ये. आपल्याकडे पडायला आलेले वाडे काय कमी आहेत?

निफाडचा द्राक्षवाला

केळ्यांचं गोदाम ऐकून बरं वाटलं, निदान शेतमालाशी संबंध निघाला. आमचं डिझाइन सांगतो. अर्ध्या किलोचे पनेट, म्हणजे द्राक्षांचे छोटे डबे, खोक्यात दहा. खोक्याला भोकं असतात, शीतगृहातली गार हवा त्यातून आत जायला. खोकी रचल्यावर एकाची भोकं दुसऱ्याच्या भोकांसमोर आली पाहिजेत. एका वर्षी आम्ही स्वस्तातली खोकी घेतली. छपाई देखणी, पण भोकं जुळेनात. माल तिकडे पोचला तेव्हा घड तपकिरी. ते व्याख्यान मला पाच लाखांना पडलं. म्युझियमचं तिकीट स्वस्तच असेल, चालू द्या.

अक्षरवेडा

मुद्दा राहतोय. नाशकातल्या पाट्या बघा. 'दुकान'चा उकार पुढच्या अक्षरात घुसलेला, रफार भलतीकडेच. संगणकावर मराठी ज्या 'मंगल' फाँटमध्ये वर्षानुवर्षं वाचली तो सुलेखनकार र. कृ. जोशींचा, हे किती जणांना माहीत आहे? पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवायचे ते. त्यांच्यावर एक तरी व्याख्यान व्हावं.

गोदाकाठचा

अक्षरवेडे, प्रत्येक धाग्यावर रफार आणू नका. गेल्या महिन्यात मिसळीच्या धाग्यावर पण आणला होतात.

ठोक्याठोक्याने

माझे आजोबा तांबट लेनमधलेच. डिझाइन हा शब्द त्यांनी कधी ऐकला नाही. ते 'घाट' म्हणायचे. हंड्याचा घाट बसला नाही की गिऱ्हाईक समोर असलं तरी विकायचे नाहीत. मठारताना, म्हणजे पत्र्यावर हातोडीचे ठोके घालताना, ठोका कानाने ओळखायचे, पत्रा कुठे पातळ झालाय ते आवाजावरून कळायचं.

पण सगळे तांब्याला घेऊन बसलेत. खरी करामत आंघोळीचं पाणी तापवायच्या बंबाची. मधोमध धुराडं, भोवती पाणी, खाली निखारा. आमच्या बंबात वरून तांब्याभर गार ओतलं की तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर यायचं. तोटी फिरवायची भानगड नाही, बंब रिकामा पडून जळण्याची भीती नाही. म्युझियमवाल्यांनी आधी हे समजून घ्यावं.

गोदाकाठचा

याला म्हणतात प्रतिसाद! +१

सकाळची पाळी

+१ काय? तो बंब पहाटे पाचला कोण पेटवायचं, विचारलंत कधी? आमच्याकडे आजी. पावसाळ्यात ओली लाकडं, स्वयंपाकघरभर धूर, ती खोकतेय आणि आजोबा आतून ओरडतायत, "पाणी झालं का?" नंतर चिंच-मीठ लावून बंब चकचकीत कुणी करायचा? तीच. घाट बघणारे सगळे कढत पाण्याने आंघोळ करून बसलेले. हे म्युझियमच्या पाटीवर लिहिणार का, ताई?

ठोक्याठोक्याने

माझ्या आजोबांनी तुमच्या आजीला त्रास दिलेला नाही.

सकाळची पाळी

त्यांच्या बंबाने दिला.

निफाडचा द्राक्षवाला

आमच्याकडे बंब वडीलच पेटवायचे. उगाच सगळ्या पुरुषांना एका माळेत ओवू नका.

सकाळची पाळी

तुमच्या वडिलांचा पुतळा बसवू रविवार कारंज्यावर. लाखात एक.

चौकटीबाहेर

भांडा, पण एक बघा. आत्ता इथे जे चाललंय ना, बंब कुणी घडवला, कुणी वापरला, कुणाच्या डोळ्यांत धूर गेला, असंच जाहीर व्याख्यानात व्हावं एवढंच मी म्हणत होते. नुसत्या स्लाइड बघून टाळ्या वाजवा असं कुठे म्हटलं?

गोदाकाठचा

'दृष्टी येईल' असं म्हटलं होतंत. शब्द मागे घ्या, मग बोलू.

चौकटीबाहेर

घेतला. आता तुम्ही 'नको' मागे घ्या.

गोदाकाठचा

अर्धा घेतो. व्याख्यान मराठीत, पाहुणे तांबट, मानधन त्या इंग्रजीवाल्याला दिलं तेवढंच, नुसती शाल-श्रीफळावर बोळवण नाही. आणि सकाळची पाळी यांना शेजारी बसवा, नाहीतर आम्ही परत बंबाच्या आरत्या ओवाळू. हे जमणार असेल तर पहिल्या रांगेत बसेन. जमणार नाहीच, म्हणून निश्चिंत आहे.

अक्षरवेडा

आमंत्रणपत्रिका मी करून देतो. फुकट.

सकाळची पाळी

मी येईन. पण बंबाची बाजू घेणार नाही.

चौकटीबाहेर

ठोक्याठोक्याने, आजोबांच्या हातचा तो बंब आहे का अजून? समोर ठेवूनच बोलता येईल.

ठोक्याठोक्याने

नाही. मोडीत दिला. आईनेच. त्या पैशांत थोडी भर घालून गीझर आणला.

निफाडचा द्राक्षवाला

किती भरला?

ठोक्याठोक्याने

अकरा किलो. जाळी लोखंडी म्हणून आधी वेगळी काढली.